भाडेकराराचा भंग झाल्यास भाडेकरूला सुधारणेची नोटीस कशी द्यावी

घर रिकामे करून मागण्याचा दावा वर्षानुवर्षे चालतो, परंतु त्याचे भवितव्य पुष्कळदा दाव्यापूर्वी पाठवलेल्या दोन पानांच्या नोटिशीतच ठरून गेलेले असते. नेमका कोणता करारभंग झाला, तो केव्हा लक्षात आला आणि तो दूर करण्यासाठी भाडेकरूने कोणत्या तारखेपर्यंत काय करायचे आहे, हे जी नोटीस वाचून तिऱ्हाइताला समजते, ती पुढे न्यायालयात उपयोगी पडते. शिवाय अशी नोटीस हातात पडल्यावर चूक सुधारणारे भाडेकरू कमी नसतात आणि मग दाव्याची वेळच येत नाही. म्हणून ही नोटीस धाक दाखवण्यासाठी न लिहिता भाडेकरूला ती पाळता यावी अशा बेताने लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन महाराष्ट्रातील घरे आणि गाळे यांच्यापुरते आहे. गोव्यात १९६८ चा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा लागू असल्यामुळे तेथील वाचकांनी येथील कलमे आणि मुदती तशाच्या तशा वापरू नयेत.

आधी कागद पाहावा

नोटीस लिहायला बसण्यापूर्वी राहणाऱ्या व्यक्तीचे आणि आपले कायदेशीर नाते कोणते आहे हे ठरवावे लागते, कारण बोलताना आपण सर्वांनाच भाडेकरू म्हणत असलो तरी कायदा त्यांना वेगवेगळे वागवतो. गिरगावातील चाळीत दोन पिढ्यांपासून राहणारे पागडीचे कुटुंब हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालील संरक्षित भाडेकरू असते आणि त्याच्याकडून ताबा मागण्याची कारणे त्या कायद्याच्या कलम १५ व १६ मध्ये मोजून दिलेली आहेत. अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा गृहस्थ हा भाडेकरू नसून लायसन्सी, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळालेला, असतो. त्याचे हक्क मुख्यतः करारातून येतात आणि मुदत संपल्यावर त्याने घर सोडले नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिसरा प्रकार बँका, सार्वजनिक उपक्रम आणि ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे अशा कंपन्यांचा. त्यांना दिलेल्या जागांना कलम ३ नुसार भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही आणि तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील तरतुदी चालतात.

करार नोंदवलेला आहे की नाही हेही याच वेळी पाहावे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे व ती जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याविषयी भाडेकरूचे म्हणणे विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरे धरले जाते. ज्या अटीचा भंग झाला असे आपण म्हणतो, ती अटच नव्हती असे उत्तर आले तर नोटिशीतील सगळा जोर निघून जातो.

करारभंग खरोखर झाला आहे का

येथे घाई करू नये. गैरसोय आणि करारभंग यांत फरक आहे. रात्री उशिरा पाहुणे येणे, घरात मांसाहार शिजणे किंवा मुलांनी जिन्यात खेळणे यांविषयी करारात काहीच लिहिलेले नसेल, तर त्यावर नोटीस उभी राहत नाही. करारातील प्रत्येक अट पेन्सिलने अधोरेखित करावी, तिच्यासमोर प्रत्यक्ष काय घडले ते तारखेसह लिहावे आणि ज्या तक्रारीसमोर अट सापडत नाही ती काढून टाकावी.

संरक्षित भाडेकरूच्या बाबतीत आणखी बारकाईने पाहावे लागते. कलम १६ मध्ये घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे हे ताबा मागण्याचे कारण आहे. तरीही, जेथे गरज असेल तेथे महापालिकेची परवानगी घेऊन उभारलेली लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातील ओटा, दार, हवेसाठी उघडलेली खिडकी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र किंवा धुराडे यांना कायमस्वरूपी बांधकाम समजायचे नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. कौले बदलणे किंवा बाल्कनी बंद करणे हेही त्या कलमाखाली जागेचे नुकसान ठरत नाही. ओटा बांधला म्हणून चिडून पाठवलेली नोटीस भाडेकरूच्या वकिलाचे काम सोपे करते. याउलट राहण्याच्या खोलीत कारखाना थाटणे, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वर्तन करणे, पोटभाडेकरू ठेवणे किंवा जागा ज्या कारणासाठी दिली त्यासाठी सबळ कारणाशिवाय दाव्यापूर्वी सलग ६ महिने न वापरणे ही कायद्यातच असलेली कारणे आहेत आणि त्यांच्यासाठी पुरावा जमवण्यात घालवलेला वेळ सत्कारणी लागतो.

पुरावा जमवण्याचा सरळ मार्ग म्हणजे पाहणी. कलम २८ नुसार घरमालकाला आगाऊ सूचना देऊन वाजवी वेळी जागेची पाहणी करता येते. ही सूचना लेखी द्यावी, सोबत एखादा तटस्थ साक्षीदार न्यावा, तारीख दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत आणि जे दिसले त्याची नोंद त्याच दिवशी लिहून साक्षीदाराची सही घ्यावी. भाडेकरूच्या गैरहजेरीत आपल्याजवळच्या जादा किल्लीने कुलूप उघडून आत जाणे मात्र कटाक्षाने टाळावे.

स्वतःकडूनही काही राहून गेले आहे का, याचा विचार याच वेळी करावा. जागा चांगल्या स्थितीत ठेवणे हे कलम १४ नुसार घरमालकाचे कर्तव्य आहे. छत गळते म्हणून भाडेकरूने तीन पत्रे पाठवली असतील आणि आपण एकालाही उत्तर दिले नसेल, तर भिंत खराब केल्याचा आरोप करण्यापूर्वी ती गळती दुरुस्त करून घेणे शहाणपणाचेही आहे आणि न्यायाचेही.

कोणत्या भंगाला किती मुदत

भाड्याची थकबाकी हा सर्वाधिक आढळणारा भंग असून संरक्षित भाडेकरूसाठी त्याची मुदत कायद्यानेच ठरवून दिली आहे. कलम १५ नुसार थकलेले प्रमाण भाडे (कायद्यानुसार ठरणारे भाडे) आणि अनुज्ञेय वाढ (कायद्याने परवानगी दिलेली वाढ) यांची लेखी मागणी करणारी नोटीस बजावल्यावर पुढचे ९० दिवस उलटल्याशिवाय थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा दाखल करता येत नाही. हे दिवस नोटीस लिहिल्याच्या तारखेपासून मोजायचे नसून ती बजावली गेल्यापासून मोजायचे असतात. नोटीस ५ जूनला मिळाली, तर नव्वदावा दिवस ३ सप्टेंबरला येतो आणि दावा त्यानंतरच दाखल करावा. दोन-चार दिवस अधिक जाऊ दिल्याने काही बिघडत नाही, एक दिवस कमी पडला तर मात्र दाव्याच्या मुळाशीच हरकत येते. दावा दाखल झाल्यावरही भाडेकरूला आणखी एक संधी असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सर्व थकबाकी दरसाल १५ टक्के सरळव्याजाने न्यायालयात भरली, पुढे दावा चालेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो खर्च दिला, तर या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. त्यामुळे थकबाकीची नोटीस पाठवताना आपल्याला पैसे हवे आहेत की जागा, हे मनाशी स्पष्ट असावे.

मागणीचा आकडा महिनावार मांडावा: कोणत्या महिन्याचे किती, मिळाले किती, बाकी किती. भाड्याच्या वसुलीची मुदत ती ती रक्कम देय झाल्यापासून ३ वर्षांची असते, म्हणून जुनी बाकी आकड्यात मिसळून तो फुगवू नये. सोसायटीचा दंड, रंगरंगोटीचा खर्च यांसारख्या रकमा भाड्याच्या थकबाकीत घालू नयेत. त्या मागायच्याच असतील तर वेगळ्या परिच्छेदात मागाव्यात.

भाडे नियंत्रण कायद्याच्या बाहेर असलेल्या भाडेपट्ट्यांसाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ११४-अ महत्त्वाचे आहे. अटीचा भंग झाल्यास जागा परत घेता येईल असे करारात स्पष्ट लिहिलेले असेल आणि तसा भंग झाला, तरी घरमालकाने लेखी नोटीस देऊन तो भंग नेमका कोणता हे सांगितले पाहिजे, तो दुरुस्त होण्याजोगा असल्यास दुरुस्तीची मागणी केली पाहिजे आणि त्यासाठी वाजवी मुदत जाऊ दिली पाहिजे. त्याशिवाय दावा चालत नाही. पोटभाडेकरू ठेवण्यास किंवा जागा हस्तांतरित करण्यास मनाई करणाऱ्या अटींना आणि भाडे न दिल्याच्या अटीला हे कलम लागू नाही. वाजवी मुदत म्हणजे किती, हे कायद्याने दिवसांत सांगितलेले नाही. बाहेर लावलेला बोर्ड काढायला आठवडा पुरतो, तर तोडलेली भिंत परवानगी घेऊन पुन्हा बांधायला महिना-दीड महिना द्यावा लागेल. मुदत कामाच्या मानाने द्यावी आणि आपला राग त्यात मोजू नये.

याच कायद्याच्या कलम १०६ मधील १५ दिवसांची नोटीस अनेक जण येथे मिसळतात. ती महिनेवारी भाडेपट्टा संपवण्याची नोटीस आहे, सुधारणेची नव्हे. भाडे नियंत्रण कायद्याच्या संरक्षणातील भाडेकरूविरुद्ध ताबा मागताना भाडेपट्टा संपवणारी अशी वेगळी नोटीस आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने व्ही. धनपाल चेट्टियार विरुद्ध येसोदाई अम्मल या प्रकरणात १९७९ मध्येच ठरवले आहे. तरीसुद्धा करारभंग दाखवून देणारे पत्र पाठवावेच, कारण पुढे साक्षीत आपण गप्प बसलो नव्हतो याचा तोच पुरावा ठरतो.

लिव्ह अँड लायसन्सच्या बाबतीत मुदत करारातूनच घ्यावी. बहुतेक करारांत भंग झाल्यास लेखी सूचना आणि त्यानंतर एका महिन्यात करार संपुष्टात, असे कलम असते. ते जसे आहे तसे पाळावे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ ची जलद वाट राहण्यासाठी दिलेल्या जागांपुरती आणि लायसन्सची मुदत संपल्यानंतरची आहे. मुदतीच्या मध्येच करार संपवून ताबा हवा असेल, तर कोठे दाद मागायची हे वकिलाला करार दाखवूनच ठरवावे. मुदत संपायला दोनच महिने उरले असतील, तर सुधारणेची नोटीस द्यावी, करार नूतनीकरण होणार नाही हेही त्यातच कळवावे आणि थांबावे. मुदतीनंतर राहिल्यास लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, ही कलम २४ मधील तरतूद नोटिशीत शांतपणे नमूद केली तरी पुरते.

मसुदा

माझ्या पाहण्यात एक नोटीस आली होती, तिच्यात अकरा तक्रारी होत्या. चपला दाराबाहेर ठेवण्यापासून सुरुवात होती आणि जागा दुसऱ्यालाच भाड्याने दिल्याची खरी तक्रार नवव्या क्रमांकावर होती. उत्तर आले ते चपलांविषयी, आणि नवव्या मुद्द्याला बगल दिली गेली. दोन किंवा तीन ठोस भंग, प्रत्येकाला स्वतंत्र परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदात अट, घटना, मागणी व तारीख या चार गोष्टी असाव्यात. विशेषणे नसावीत. 'आपण अत्यंत बेजबाबदारपणे' या शब्दांनी काहीही सिद्ध होत नाही. राहण्यासाठी दिलेल्या सदनिकेपुरता नमुना असा होईल:

'आपण व मी यांच्यात दिनांक १ मार्च २०२५ रोजी नोंदविलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारान्वये वर नमूद केलेली सदनिका आपणांस केवळ राहण्याकरिता देण्यात आली आहे. करारातील कलम ७ नुसार तिचा व्यावसायिक वापर करण्यास मनाई आहे. दिनांक १० जून २०२५ रोजी लेखी पूर्वसूचनेनंतर सायंकाळी ६ वाजता केलेल्या पाहणीत बाहेरच्या खोलीत १४ विद्यार्थ्यांचा शिकवणी वर्ग सुरू असल्याचे आढळले. त्या वेळची नोंद व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सबब आपण हा वर्ग या नोटिशीच्या प्राप्तीपासून १५ दिवसांच्या आत बंद करावा, दारावरील फलक काढावा आणि तसे मला लेखी कळवावे.

करारातील कलम ९ नुसार माझ्या लेखी संमतीशिवाय बांधकामात बदल करता येत नाही. त्याच पाहणीत स्वयंपाकघर व बाहेरची खोली यांमधील भिंतीत सुमारे ३ फूट रुंदीचा नवा झरोका फोडल्याचे आढळले. तो या नोटिशीच्या प्राप्तीपासून ३० दिवसांच्या आत बांधून बंद करावा आणि भिंत पूर्ववत करावी. काम करण्यापूर्वी कळविल्यास मी गवंडी पाहण्यासाठी व काम ठरविण्यासाठी उपस्थित राहीन.

वरील मुदतीत हे भंग दूर न झाल्यास करारातील कलम १४ नुसार करार संपुष्टात आणून ताबा मिळविण्यासाठी कायदेशीर कार्यवाही करावी लागेल. दरम्यान स्वीकारलेली कोणतीही रक्कम माझे सर्व हक्क अबाधित राखून स्वीकारलेली असेल.'

गवंड्याविषयीचे वाक्य काहींना अनावश्यक वाटेल. मला ते आवश्यक वाटते, कारण नोटीस पाळण्याची वाट तिने उघडी ठेवली आहे आणि भाडेकरूने ती वाट घेतली नाही तर तो त्याचा निर्णय ठरतो. थकबाकीच्या नोटिशीतही याच न्यायाने पैसे कोणत्या बँक खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत भरायचे हे लिहावे.

नोटिशीवर घरमालकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या वकिलाची सही असावी. जागा अनेकांच्या मालकीची असेल, तर सर्वांच्या नावाने द्यावी. मूळ भाडेकरू वारला असेल, तर त्याच्यामागे तेथे राहणाऱ्या सर्व वारसांची नावे घालावीत. भाडेकरूला मराठी वाचता येत नसेल, तर त्याला समजणाऱ्या भाषेतील अनुवाद जोडावा, म्हणजे मजकूर कळलाच नाही हा बचाव उरत नाही.

बजावणी

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये बजावणीच्या पद्धती दिल्या आहेत आणि थकबाकीच्या नोटिशीसाठी भाडे नियंत्रण कायद्यानेही त्याच स्वीकारल्या आहेत: टपालाने पाठवणे, भाडेकरूच्या हाती देणे, त्याच्या निवासस्थानी कुटुंबातील व्यक्तीकडे किंवा नोकराकडे देणे, आणि हे शक्य नसेल तर जागेच्या ठळक भागी चिकटवणे. टपाल खात्याने २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली असल्यामुळे पाकीट देतानाच पोच मिळण्याची सोय मागून घ्यावी आणि त्या वेळची पावती जपून ठेवावी. भाडेकरूने पाकीट नाकारले व टपालावर 'घेण्यास नकार' असा शेरा आला, तर बजावणी झाली असे सामान्यतः धरले जाते. ते पाकीट न उघडता तसेच ठेवावे. 'घर बंद' हा शेरा तितका भक्कम नसतो, म्हणून अशा वेळी दोन साक्षीदारांसमक्ष दारावर प्रत चिकटवून छायाचित्र घ्यावे. व्हॉट्सॲपवर आणि ईमेलने प्रत पाठवायला हरकत नाही, पण केवळ त्यावर विसंबू नये.

मुदत चालू असताना

हा काळ घरमालकाच्या संयमाचा असतो आणि पुष्कळ चांगल्या नोटिशी याच काळातील आततायीपणामुळे वाया जातात. पाणी तोडणे, वीज बंद करणे, जिन्यातील दिवा काढून घेणे किंवा लिफ्ट वापरू न देणे यांना भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे आणि तो शिक्षापात्र अपराध आहे. कुलूप बदलून सामान बाहेर काढले, तर भाडेकरू विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवू शकतो. त्यात मालकी कोणाची हा प्रश्न विचारलाही जात नाही.

भाडे आले तर काय करावे, हा प्रश्न नेहमी पडतो. भंग झाल्याचे माहीत असताना त्यानंतर देय झालेले भाडे मुकाट्याने स्वीकारले, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११२ नुसार तो भंग माफ केला असा अर्थ निघू शकतो. म्हणून काही घरमालक मनीऑर्डर परत पाठवतात, आणि त्यामुळे भाडेकरू भाडे देण्यास तयार होता हे मात्र आपोआप सिद्ध होते. मध्यममार्ग असा की रक्कम घ्यावी, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ नुसार पावती द्यावीच आणि तीवर 'दिनांक अमुकच्या नोटिशीतील सर्व हक्क अबाधित राखून' असे लिहावे. रक्कम थेट खात्यात आली असेल, तर त्याच दिवशी तसे पत्र पाठवावे.

भाडेकरूचे उत्तर आले तर ते नीट वाचावे. त्याने आणखी आठ दिवस मागितले असतील आणि काम खरोखर सुरू केले असेल, तर मुदत लेखी वाढवून द्यावी व नवी तारीख लिहावी. तोंडी वाढवलेली मुदत पुढे दोघांनाही वेगवेगळी आठवते. आरोप नाकारले असतील, तर मुद्देसूद प्रत्युत्तर द्यावे. आपण उत्तरच दिले नाही तर त्याचा अर्थ मान्यता असा लावला जाण्याचा धोका राहतो.

मुदत संपल्यावर

शेवटच्या तारखेनंतर पुन्हा लेखी सूचना देऊन पाहणी करावी, पहिल्या वेळचाच साक्षीदार नेता आला तर उत्तम, आणि छायाचित्रे त्याच कोनातून घ्यावीत. भंग कायम असेल तर करार, नोटीस, टपालाची पावती व पोच, दोन्ही पाहण्यांच्या नोंदी, भाड्याचा महिनावार उतारा आणि आलेली उत्तरे अशी फाइल घेऊन वकिलाकडे जावे. मुंबईत असा दावा लघुवाद न्यायालयात दाखल होतो. इतरत्र लघुवाद न्यायालय असेल तर तेथे, नसेल तर दिवाणी न्यायालयात.

भंग दूर झाला असेल, तर तेही लेखी कळवावे, आणि हे पत्र बहुतेक घरमालक कधीच पाठवत नाहीत. 'दिनांक अमुक रोजी केलेल्या पाहणीत शिकवणी वर्ग बंद झाल्याचे व भिंत पूर्ववत केल्याचे आढळले. सबब दिनांक अमुकची नोटीस या दोन बाबींपुरती निकाली काढण्यात येत आहे. करारातील अटी यापुढेही लागू राहतील', एवढा मजकूर पुरेसा आहे. त्याची एक प्रत भाडेकरूची सही घेऊन मूळ नोटिशीला टाचून ठेवावी, म्हणजे वर्षभराने तोच वर्ग पुन्हा सुरू झाल्यास दुसऱ्या नोटिशीत पहिलीचा उल्लेख तारखेसह करता येतो.